थंडी, विजेची मोटार आणि किलोमीटरचा हिशेब



वैशाखाच्या ह्या उकाड्यात, निमंत्रणपत्रिकेचाच पंखा करून वारा घेत बसलेल्या आपणां सर्वांपुढे मी आज थंडीविषयी बोलणार आहे, हे वाचून कित्येकांना हसू आले असेल. चालकांपैकी एकाने मला विचारलेही, "भाऊ, विषय पौषातला आणि व्याख्यान वैशाखात, हे कसे काय?" मी म्हटले, घर शाकारायचे ते पावसाआधी. छप्पर गळू लागल्यावर कौले शोधीत हिंडणाऱ्याला गावात कोणी शहाणा म्हणत नाही. आणि पौषातल्या पहाटे ज्याची गाडी घाटाच्या पायथ्याशी थांबते, त्याला व्याख्यान ऐकण्यास सवड नसते.

मी शास्त्रज्ञ नाही, हे आधीच सांगून टाकतो. नववीत माझी शाळा सुटली. मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रावर उभा राहिलो आणि पुढे संघटनेच्या कामात पडलो. विजेविषयी जे काही मला कळते, ते आयटीआयच्या मुलांची पुस्तके मागून आणून, वाचनालयाच्या बाकावर बसून, आणि अडले तेथे एखाद्या वायरमनला चहा पाजून शिकलेले आहे. तेव्हा माझ्या बोलण्यात पांडित्य सापडणार नाही. हिशेब मात्र सापडेल, कारण तीस वर्षे पगारपत्रके तपासण्यात गेली आहेत.

आता मूळ गोष्ट. दोन हिवाळ्यांमागे आमच्या संघटनेचा एक सभासद, वयाने माझ्या मुलाएवढा, रात्री दहाला माझ्या दारात येऊन उभा राहिला. तो एका ठेकेदाराकडे विजेच्या मोटारीवर चालक होता. नाशिकरोड भागातून कामगारांना उचलायचे, सिन्नरच्या कारखान्यांत सोडायचे, सुटलेल्या पाळीची माणसे परत न्यायची, हे त्याचे काम. ठेकेदाराने नियम घातला होता की, एका भरलेल्या बॅटरीवर गाडीने अमुक इतके किलोमीटर चाललेच पाहिजे. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात ते जमून गेले. जानेवारीत एका पहाटे मोहदरी घाटाच्या पायथ्याशी गाडीची बॅटरी संपत आली, घाट चढवेना, आणि चार कामगार रस्त्यावर उतरून कुडकुडत उभे राहिले. ठेकेदाराने चालकाचे दोन दिवसांचे वेतन कापले. कारण लिहिले : "गाडीचा गैरवापर."

बंधूंनो, आज ह्या व्यासपीठावरून एक गोष्ट कबूल करतो. तो पोरगा समोर उभा असताना माझ्याही मनात तीच शंका आली. वाटले, ह्याने गाडी कोठेतरी आडवाटेला फिरवली असेल; नाहीतर एवढे किलोमीटर जातील कोठे? मी ते बोललो नाही. पण त्याने माझ्या चेहऱ्यावरून ओळखले. तो एवढेच म्हणाला, "काका, तुम्हीसुद्धा?" त्या रात्री मला झोप आली नाही.

माझी आई बिड्या वळीत असे. सिन्नरात अशी घरे किती होती आणि अजून आहेत, हे आपणांस सांगावयास नको. मांडीवर सूप घेऊन दिवसाकाठी हजार बिड्या पुऱ्या करायच्या, आणि कारखान्यात नेल्यावर तपासणाराने त्यातून मूठमूठभर "छाट" म्हणून बाजूला काढायच्या. छाट निघाली की तिची मजुरी बुडाली. पान किडके, वाळलेले आणि फाटके देणारे दुसरेच; पण बिडी वाईट झाली तर हात वळणारीचा वाईट. आई एके दिवशी आलेल्या पानांपैकी वाईट पाने निवडून पदराच्या गाठीत बांधून घेऊन गेली आणि तपासणाराच्या पुढ्यात गाठ सोडून म्हणाली, "आधी हे मोजा, मग छाट मोजा." १९६६ साली बिडी कामगारांसाठी कायदा झाला होता, पण तो आमच्या घरापर्यंत पोचण्याआधी आईची गाठ पोचली. त्या रात्री मला ती गाठ आठवली. मी ठरविले, आधी पान कसे आहे ते पाहायचे. मग चालकाविषयी मत बनवायचे.

आता ते पान, म्हणजे ही बॅटरी, कशी आहे ते पाहू.

आपण घरी वीज युनिटांत मोजतो. मोटारीची बॅटरीही युनिटांतच मोजावी. म्हणजे निम्मे गूढ तेथेच संपते. लहान गाडीची बॅटरी २५ ते ३० युनिटांची, अलीकडच्या मोठ्या गाड्यांची ४५ पासून ७५ च्याही पुढे. मध्यम आकाराची गाडी बेताच्या वेगाने, एसी किंवा हीटर न लावता, एका युनिटात साधारण सात किलोमीटर जाते. हा आकडा गाडीगणिक बदलतो. पण हिशेबास आपण तोच धरू.

मग जाहिरातीतला आकडा एवढा मोठा कसा? उदाहरण घ्या. २०२० च्या जानेवारीत आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटांची होती आणि प्रमाणित पल्ला ३१२ किलोमीटरचा होता. भागाकार केला तर युनिटास दहा किलोमीटरांहून अधिक. ह्यात कोणी खोटे बोलले असे नव्हे. ही चाचणी गाडी रुळांवर फिरवून, ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे, सुखद हवेत, एसी-हीटर बंद ठेवून घेतात. त्या वेळापत्रकाला इंग्रजी आद्याक्षरांनी एमआयडीसी म्हणतात. आमच्या वसाहतीचे नाव आणि तिचे नाव एकच, पण दोघींचा संबंध काही नाही. त्या आकड्याचा उपयोग दोन गाड्यांची तुलना करण्यापुरता. ठेकेदाराने तो आकडा उचलून चालकाच्या डोक्यावर ठेवला, येथे चूक झाली. तालमीत जोर काढण्याचा विक्रम करणाऱ्याने रोज बारा तास तेवढेच ओझे वाहावे, असे कोणी म्हणत नाही.

आता थंडी काय करते ते पाहू. ती चार वाटांनी किलोमीटर खाते.

पहिली वाट बॅटरीच्या पोटातली. लिथियमच्या बॅटरीत विजेचे कण द्रवातून इकडून तिकडे जात असतात. थंडीत तो द्रव सुस्त होतो, कणांची चाल मंदावते, आणि बॅटरीचा आतला विरोध वाढतो. वीज बाहेर काढताना तिचा काही भाग आतच उष्णता होऊन जातो, आणि जोराची मागणी आली की दाब खाली बसतो. घाटाच्या पायथ्याशी, बॅटरी तळाला गेलेली, पहाटेची थंडी आणि समोर चढ, हे तिन्ही एकत्र आले की गाडी अकस्मात मान टाकते ती ह्यामुळे. पण ध्यानात घ्या, ही बॅटरी बिघडलेली नसते. ऊन्ह चढले, बॅटरी उबदार झाली की तिची शक्ती परत येते. शून्याखालच्या थंडीत चार्जिंग करणे मात्र बॅटरीला खरोखर अपायकारक असते, म्हणून गाडीची यंत्रणाच तेव्हा चार्जिंग रोखते किंवा आधी बॅटरी तापवून घेते. आपल्याकडे निफाडला पारा पाच अंशांखाली गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, द्राक्षबागाईतदार रात्री शेकोट्या पेटवतात. तरी ती वेळ आपल्यावर सहसा येत नाही.

दुसरी वाट हीटरची, आणि हीच सर्वांत मोठी. पेट्रोलच्या गाडीत जळणाऱ्या इंधनापैकी निम्म्याहून पुष्कळ अधिक भाग उष्णता होऊन वाया जातो. त्या वाया जाणाऱ्या उष्णतेतलीच थोडी हीटर आपल्याकडे वळवितो. म्हणून पेट्रोलच्या गाडीत ऊब फुकट मिळते, आणि ती फुकट आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही. विजेची मोटर फार काटकसरी. दिलेल्या विजेपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास ती चाकांना पोचविते. वाया काही जात नाही, म्हणून उबेला काही उरत नाही. ऊब हवी तर ती बॅटरीतून विकत घ्यावी लागते.

येथे कोणी विचारील, उन्हाळ्यात एसी लावतो तेव्हा एवढा फटका का बसत नाही? ह्याचे उत्तर मला फार आवडले, कारण ते आमच्या कामगारांच्या भाषेत सांगता येते. एसी हा हमाल आहे. साधा हीटर ही शेगडी आहे. हमाल आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो, आणि एका युनिटाच्या मजुरीत दोन-तीन युनिटांची उष्णता वाहतो. शेगडीला मात्र एका युनिटाची ऊब देण्यास एक युनिट जाळावेच लागते. अलीकडे काही गाड्यांत "हीट पंप" येतो. तो म्हणजे तोच हमाल, उलट्या दिशेने काम करणारा : बाहेरच्या थंड हवेत जी थोडी उष्णता असते ती उचलून आत आणणारा. गाडी घेणाऱ्याने तो आहे की नाही हे विचारून घ्यावे.

तिसरी वाट हवेची. थंड हवा दाट असते. तीस अंशांची हवा आठ अंशांवर आली की सुमारे आठ टक्के दाट होते, आणि गाडीला तेवढी जास्त हवा फोडावी लागते. चौथी वाट टायरची. सिन्नरचा हिवाळा म्हणजे दुपारी अठ्ठावीस आणि पहाटे दहा अंश. टायरची हवा दर पाच-सहा अंशांना सुमारे एक पौंड उतरते. दुपारी पंपावर बत्तीस पौंड भरलेली हवा पहाटे एकोणतीसच्या आसपास येते. टायर दबले की रस्ता जड होतो.

ह्या चार वाटांपैकी कोणती किती खाते, हे मी अंदाजाने सांगत नाही. २०१९ साली अमेरिकेतील मोटारचालकांच्या एएए ह्या मोठ्या संस्थेने पाच गाड्यांची परीक्षा घेतली. शून्याखाली सुमारे सात अंशांच्या थंडीत हीटर बंद ठेवला तर पल्ला सरासरी १२ टक्के घटला. हीटर लावला तर ४१ टक्के घटला. म्हणजे तेथल्या कडाक्यातसुद्धा नुसती थंडी थोडे खाते आणि ऊब फार खाते. आपली थंडी त्या मानाने सौम्य, तेव्हा आपले नुकसानही कमी. पण भागीदारांचा क्रम तोच राहतो.

येवढ्यावरून विजेची मोटार थंडीच्या कामाची नाही, असा निष्कर्ष कोणी काढू नये. नॉर्वेत आपल्यापेक्षा कितीतरी कडक हिवाळा पडतो, आणि तेथे २०२४ साली विकल्या गेलेल्या दर शंभर नव्या मोटारींपैकी अठ्ठ्याऐंशींहून अधिक विजेच्या होत्या. ते लोक थंडीला जिंकीत नाहीत. तिचा हिशेब धरतात. तेथील मोटारचालकांची संघटना दर हिवाळ्यात गाड्या खऱ्या रस्त्यावर, बंद पडेपर्यंत चालविते, आणि जाहिरातीतला आकडा व हिवाळ्यातला आकडा शेजारी शेजारी छापते. संघटनेचे काम असे असावे, असे मला ते वाचून वाटले.

आता करावयाचे काय, ते सांगतो. आपल्यापैकी ज्यांच्याकडे स्वतःची गाडी आहे त्यांनी, आणि जे दुसऱ्याची चालवितात त्यांनीही, हे ऐकावे.

चार्जिंगची वेळ आधी सांभाळावी. आपण संध्याकाळी सातला वायर लावतो, रात्री एकला बॅटरी भरते, आणि मग पहाटेपर्यंत ती गार होत पडते. त्याऐवजी चार्जिंग असे लावावे की ते निघण्याच्या थोडे आधी संपेल. वीज आत जाताना बॅटरी आपोआप थोडी उबदार होते आणि ती ऊब घेऊनच गाडी निघते. बहुतेक गाड्यांत किंवा मोबाईलवर वेळ लावण्याची सोय असते. गाडी उघड्या मैदानात ठेवण्यापेक्षा भिंतीच्या आडोशाला किंवा शेडमध्ये ठेवावी.

गाडी तापवायची ती वायर लावलेली असतानाच तापवावी. थंडगार गाडी आतून गरम करण्यास हीटर पहिल्या काही मिनिटांत सर्वांत जास्त, तासाला तीन युनिटांच्याही दराने, वीज ओढतो. एकदा ऊब धरली की एक-दीड युनिटावर येतो. तो पहिला घास बॅटरीऐवजी भिंतीतल्या विजेला खाऊ द्यावा.

नंतर हवेऐवजी माणूस उबदार ठेवावा. सगळ्या गाडीतली हवा तापविण्यास हजार-दीड हजार वॅट लागतात. तापणारी बैठक असेल तर ती शंभराच्या आत काम भागविते. आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांत ती नसते. पण आपल्याकडे घोंगडी आहे, स्वेटर आहे, मफलर आहे. आतल्या प्रवाशांच्या गुडघ्यांवर घोंगडी आली तर हीटर बावीसवरून अठरावर आणता येतो. मात्र एक गोष्ट मी ठासून सांगतो : काच धूसर झाली तर तत्काळ ब्लोअर लावा, एसी लावा, लागेल तो हीटर लावा. चालकाची बोटे बधिर होतील अशी काटकसर करू नका. दोन युनिटे वाचवून घाटात जीव घालविणे ह्याला हिशेब म्हणत नाहीत.

टायरची हवा पहाटे, गाडी चालविण्याआधी, थंड टायरवर मोजावी आणि कंपनीने दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याइतकी ठेवावी. खर्च जवळजवळ काहीच नाही, आणि टायरही अधिक टिकतात.

वेगाची गोष्ट जरा सावकाश सांगतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ऐंशीच्या ऐवजी एकशेवीसने गेलो, तर दर किलोमीटरला हवा फोडण्याचे काम सव्वादोन पट होते. गोंद्याजवळ समृद्धी महामार्गावर चढलो की पाय आपोआप दाबला जातो. मोटारींना तेथे एकशेवीसची परवानगी आहे. पण परवानगी म्हणजे सक्ती नव्हे. नव्वदवर राहिलो तर मुक्कामी थोडा उशीर होतो. पण वाटेत चार्जिंगसाठी थांबण्याचा वेळ वाचतो.

परंतु, आणि हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही, हीटर किलोमीटरवर नव्हे, तासावर खातो. समजा तो तासाला दीड युनिट घेतो. ताशी साठने गेलो तर तासात साठ किलोमीटर झाले, त्याला साडेआठ युनिटे लागली. दीड युनिटाची भर म्हणजे पाचव्या हिश्श्याहूनही कमी. पण गर्दीत, थांबत थांबत ताशी वीसने गेलो, तर तासात वीसच किलोमीटर झाले, त्याला तीनच युनिटे लागली, आणि वर दीड युनिट हीटरचे. खर्च दीडपट! त्यात दर थांब्याला दार उघडले की कमावलेली ऊब बाहेर. आमचा तो चालक हेच तर करीत होता : दोन किलोमीटर जा, थांब, दार उघड, माणूस घे, पुन्हा दोन किलोमीटर. थंडीतला सर्वांत खर्चिक प्रवास जो असू शकतो, तो त्याच्या वाट्याला आला होता.

घाटाचेही गणित ध्यानात ठेवा. दीड टनाची गाडी शंभर मीटर उंच चढवायला सुमारे ०.४ युनिट लागते. उतरताना मोटर जनित्रासारखी चालून त्यातले बरेचसे परत बॅटरीत भरते. पण बॅटरी काठोकाठ भरलेली असेल, किंवा फार गार असेल, तर ती ते परत घेत नाही. मग सगळे ब्रेकमध्ये जाळावे लागते. आपण सिन्नरकर घाटमाथ्यावरचे. पहाटे नाशिकला उतरायचे असेल तर बॅटरी शंभर टक्के न भरता नव्वदवर ठेवावी, म्हणजे मोहदरीच्या उताराचे दान ठेवून घेण्यास जागा राहते. परतताना मात्र चढाचे बाजूला काढून ठेवावे.

शेवटी लांबचा प्रवास. सिन्नरहून पुणे सुमारे एकशेऐंशी किलोमीटर. युनिटास सात धरले तर सव्वीस युनिटे लागतात. चार तास हीटर चालला तर वर सहा. तीस युनिटांची गाडी उन्हाळ्याच्या सकाळी कशीबशी पोचेल. पौषातल्या पहाटे पोचणार नाही. म्हणून थांबा आधी ठरवावा, आणि तो बॅटरी तळाला गेल्यावर नव्हे, पाव भाग शिल्लक असताना ठरवावा. चालून आलेली बॅटरी उबदार असते, ती वीज लवकर घेते. रात्रभर गारठलेली बॅटरी जलद चार्जरवरही हळूहळू घेते. म्हणून मुक्कामी पोचल्याबरोबर वायर लावावी, "सकाळी बघू" म्हणू नये. राज्य परिवहनची पहिली विजेची शिवाई १ जून २०२२ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, निघाली. आज आपल्या नाशिक-पुणे रस्त्यावरही ह्या गाड्या धावतात. त्या वेळापत्रकाप्रमाणे धावतात ह्याचे कारण त्यांचे चार्जिंग कोठे आणि केव्हा, हे निघण्यापूर्वी ठरलेले असते. घरच्या गाडीलाही तोच नियम लावावा.

आता त्या चालकाचे काय झाले, ते सांगतो. दुसऱ्या दिवसापासून आम्ही एक साधी शंभर पानी वही केली. तारीख, निघण्याची वेळ, बाहेरचे तापमान, निघताना बॅटरी किती, परतल्यावर किती, किलोमीटर किती, थांबे किती, हीटर किती वेळ. पंधरा दिवस त्याने एकही रकाना रिकामा सोडला नाही. काही दिवस मी स्वतः पहाटे चारला त्याच्या शेजारी जाऊन बसलो. पहिल्याच दिवशी मला कळले की, किलोमीटर भरावेत म्हणून हा पोरगा हीटर लावीतच नव्हता. एका हाताने चाक धरायचा आणि दुसरा हात मांडीखाली घालून गरम करायचा. मग हात बदलायचा. काच धूसर झाली की फडक्याने पुसायचा. मागे बसलेले कामगार झोपेत असत. त्यांना ठाऊकही नव्हते की आपला जीव एका फडक्यावर चालला आहे.

मी ती वही घेऊन ठेकेदाराकडे गेलो. घोषणा दिल्या नाहीत. त्याला म्हटले, "आधी हे मोजा, मग छाट मोजा." तोही काही दुष्ट मनुष्य नव्हता, त्याने गाडी कर्जाने घेतली होती, आणि कागदावरच्या किलोमीटरांवर त्याने हप्त्यांचे गणित बसविले होते. थंडीने त्याचेही गणित मोडले होते. फरक एवढाच की, स्वतःची तूट चालकाच्या पगारातून भरून काढण्याची सोय त्याच्या हाती होती, आणि चालकाच्या हाती तशी काही सोय नव्हती. तेव्हा १९३६ चा वेतन प्रदान कायदा अंमलात होता. नुकसानीपोटी वेतन कापायचे तर ते नुकसान कामगाराच्या हयगयीने झालेले असले पाहिजे आणि त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे, असे त्यात लिहिले होते. २०२५ च्या नोव्हेंबरपासून त्याची जागा वेतन संहितेने घेतली आहे. हे तत्त्व तिच्यातही आहे. थंडी पडणे ही चालकाची हयगय नव्हे, हे मी त्याला दाखविले.

दोन तास वही चाळून त्याने कापलेले वेतन परत दिले. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारीपर्यंत वेगळा, कमी आकडा धरण्याचे ठरले, आणि पहाटेच्या फेरीत हीटर बंद ठेवावयाचा नाही असे लेखी झाले. त्यानेही एक अट घातली : चालकांनी चार्जिंगची वेळ पाळावी आणि टायरची हवा रोज पहाटे मोजावी. आम्ही ती अट मान्य केली, कारण ती न्याय्य होती. जे चालकाच्या हातात आहे त्याची जबाबदारी चालकाने घ्यावी. जे निसर्गाच्या हातात आहे त्याची छाट त्याच्या पगारातून काढू नये. ही रेघ कोठे ओढायची, एवढ्यासाठीच ती वही होती.

विजेची मोटार आता आपल्या गावात राहणार. मालक घेतील, टॅक्सीवाले घेतील, आपली मुले चालवितील. प्रत्येक नव्या यंत्राबरोबर एक नवा आकडा येतो, आणि तो आकडा कोणाच्या तरी डोक्यावर बसतो. तो कोठून आला हे ज्याला कळते, त्याला तो खाली उतरविता येतो. म्हणून हे युनिटांचे आणि पौंडांचे गणित फक्त गाडीमालकांचे आहे असे समजू नका; ते गाडी चालविणाऱ्याच्या आईने आणि बायकोनेसुद्धा समजून घ्यावे.

तो चालक आज स्वतःच्या गाडीचा मालक आहे. गेल्या पौषात मी त्याच्या शेजारी बसून पहाटे नाशिकला गेलो. हीटर अठरावर होता, मागच्या बैठकीवर घोंगडी होती, आणि पुढच्या खणात नवी शंभर पानी वही होती. मी विचारले, "आता कोणाला दाखवायची आहे?" तो म्हणाला, "कोणाला नाही काका. पण उद्या माझ्याकडे कोणी पोरगा कामाला राहिला, तर मला आधी ठाऊक पाहिजे की थंडी किती खाते."